पाहुण्यांची पट्टी

हरभऱ्याच्या वावरात माळा कुणी घालतं का, तुम्हीच सांगा. माळा घालायचा ज्वारीत. कणसं भरली की पाखरं उतरतात, मग चार मेढी रोवून वर फळ्या टाकायच्या आणि त्यावर उभं राहून गोफण फिरवायची. हरभरा तर गुडघ्याच्या वर जात नाही. त्यात उंच चढून बघायचं काय? पण येळवशीच्या आदल्या दिवशी मी कोपीपुढची जागा सारवायला शेतात गेले, तर माझा धाकटा दीर व्यंकट हरभऱ्याच्या कडेला, बाभळीच्या आडोशानं, माळा बांधत होता.

"काय करायलास रे?" मी विचारलं.

"माळा बांधायलोय."

"ते दिसायलंय मला, डोळे हायेत. हरभऱ्याला माळा कामून?"

"उद्या सोलापूरचे वकीलसाहेब येणार हायेत ना येळवशीला. त्यांना हरणं बघायचीत. फोटू काढणार हायेत."

"खाली उभं राहून दिसत न्हाईत का हरणं? मला तर रोज दिसतात."

"वैनी, तू लई चौकशा करतीस बघ," असं म्हणून तो हसला आणि तोंडात धरलेला सुंभ मेढीला गुंडाळायला लागला. मग म्हणाला, "अन् हे बघ, मोत्याला उद्या घरीच बांध. कुत्र्याला बघून बुजतात."

मी हो म्हणाले. हो म्हणाले, कारण त्याच्यावर अविश्वास ठेवायची मला सवयच नव्हती. ज्या पोराचं नाक मी पदरानं पुसलं, तो माझ्याशी खोटं बोलेल असं कसं वाटेल?

आमची उमरग्याकडची जमीन. शेताच्या वरच्या अंगाला नुसता माळ, कुसळी गवताचा, आणि त्या माळावर हरणांचे कळप. पंचवीस-तीस हरणं आणि त्यांत एखादा काळाभोर काळवीट, पीळदार शिंगांचा. माळाला लागून आमच्या शेताची एक चिंचोळी पट्टी आहे. तिला आमच्या घरात पाहुण्यांची पट्टी म्हणतात. माझ्या सासूच्या सासूपासून रीत अशी की हरभऱ्याची पेरणी निघाली की पहिली मूठ त्या पट्टीत पडायची, आणि पेरताना म्हणायचं, "येणाऱ्याचं, जाणाऱ्याचं, चरणाऱ्याचं." मग उरलेल्या वावराला पाभर लावायची. पट्टीत गोफण न्यायची नाही, कुत्रं सोडायचं नाही, विळासुद्धा न्यायचा नाही. जे येईल त्यानं खावं. हरणं तिथं पोटभर खायची आणि बाकीच्या पिकाला फारसं तोंड लावायची नाहीत. लोक म्हणायचे वेडेपणा आहे. असेल. पण शेजारचे रात्रंदिवस राखण करून थकायचे, आम्ही निवांत झोपायचो.

माझी सासू, आत्याबाई म्हणायचे मी त्यांना, तापानं गेल्या तेव्हा व्यंकट पाच वर्षांचा होता आणि मी लग्न होऊन आलेली कोवळी पोर. शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "प्रयागे, हे पोरगं अन् ती पट्टी तुझ्या पदरात टाकते. दोन्ही उपाशी ठेवू नको."

नाही ठेवली मी. पुढं माझ्या पोटी दोन पोरी झाल्या, पण पहिला घास व्यंकटचा. धुळीत लोळून यायचा आणि थेट ताटावर बसायचा. मी म्हणायचे, "हात दाखव." तो दोन्ही हात पुढं करायचा, आधी उताणे, मग पालथे. मळके असले की उठवून धुवायला लावायचे. मिसरूड फुटलं तरी ही आमची थट्टा चालूच होती. मी म्हणायचे हात दाखव, आणि हा घोडा हसत हसत दाखवायचा.

त्या वर्षी, म्हणजे बासष्ट-त्रेसष्टचा सुमार असेल, व्यंकटला पुढारी व्हायचं खूळ लागलं होतं. जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे होतं, आणि ते म्हणे सोलापूरच्या एका वकीलसाहेबांच्या शब्दावर मिळणार होतं. व्यंकट सारखा सोलापूरला. येताना बटणाचा कोट घालून यायचा. मला कौतुक वाटायचं. आपल्या हातचं पोर मोठं होतंय, वाटणारच.

पेरणीच्या वेळी हा स्वतः मला म्हणाला, "वैनी, औंदा पाहुण्यांची पट्टी दुप्पट करू."

मी बघतच राहिले. दरवर्षी नाक मुरडणारा, "हरणांना कशाला पोसायचं" म्हणणारा हा.

"कामून रे? आज सूर्य कुठून उगवला?"

"आईची रीत हाय. चांगलं मोठं दाणेदार बी आणलंय मी. फक्त एक कर, रीतीची पहिली मूठ टाक, पण बाकीची पट्टी पंधरा-वीस दिवस उशिरा पेर, अन् विहिरीचं पाणी दे तिला. सगळ्यांचा हरभरा घाट्यावर येऊन राठ होईल तवा आपली पट्टी कोवळी राहिली पायजे. मग बघ, समदा माळ आपल्याच दारात."

माझे डोळे भरून आले हो. आईची रीत म्हणाला! मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्या गल्लीत सांगत सुटले की आमच्या व्यंकटला आईची याद आली. शेजारची गोदामाय तोंडाला पदर लावून हसली. मला वाटलं, हिला दात पडल्याची लाज वाटते.

मग मी ती पट्टी जपली. पोटच्या पोरीला जपावं तशी जपली. आमचे मालक मोट हाकायचे आणि मी दारं धरायचे, वाफ्यावाफ्यात पाणी वळवायचे. पाट फुटला तर चिखलात हात घालून बांधायचे. हरभरा असा तरारला की बघत राहावं. पहाटे मी तिकडं आंब टिपायला जायचे. हरभऱ्याच्या पानांवर रात्री आंबट दव धरतं, पांढरं फडकं त्यावरून ओढायचं आणि पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीला नामी औषध. पहिल्या पहिल्यांदा मला बघून हरणं टणाटणा उड्या मारत माळाला लागायची. हळूहळू थांबली. माझं निळं इरकली लुगडं त्यांच्या ओळखीचं झालं असणार. मी एका कडेनं फडकं ओढत जायचे, ती दुसऱ्या कडेनं शेंडे खुडत यायची. मान वर करायची, कान हलवायची, पुन्हा खाली घालायची. एकदा तर एक पाडस माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभं राहिलं आणि त्याची आई नुसती बघत राहिली. अशा वेळी छातीत कसं होतं ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते की मी श्वास रोखून उभी राहिले आणि मनात म्हणाले, आत्याबाई, बघा, तुमचं कुणी उपाशी नाही.

हे सगळं मी घरी येऊन व्यंकटला सांगायचे. तो लक्ष देऊन ऐकायचा. कळप कधी येतो, कुठल्या बाजूनं येतो, काळवीट आधी येतो की मागून, सगळं विचारायचा. आणि मी बावळी, सगळं सांगायचे.

येळवस तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळी माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेल्या पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची. भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची आणि पाल्याची मिसळ भाजी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि त्या दिवशी बांधावरून जाणारा कुणीही असो, ओळखीचा, परका, वैरी, त्याला हाक मारून जेवू घालायचं. आमच्या येळवशीला उपाशी माणूस शेतावरून गेला तर ते वर्ष फळत नाही म्हणतात.

दुपार व्हायच्या आत जीप आली. वकीलसाहेब उतरले, गोरे, जाडे, हसरे. मी उगाच कुणाला वाईट म्हणणार नाही, बोलायला फार गोड माणूस. त्यांच्या बरोबर त्यांचे साडू, लांब टोपी घातलेले. आणि व्यंकट, कोटात. साडूंनी जीपमधून घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं काढलं आणि माळ्याकडं घेऊन गेले.

"ते काय हो?" मी मालकांना विचारलं.

आमचे मालक अबोल माणूस. नागनाथ नाव, आणि देवळातल्या नागनाथाइतकंच बोलायचे. ते जमिनीकडं बघत म्हणाले, "असंल फोटूचं काहीतरी." आणि त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

पूजा झाली. मालकांनी आंबिलीचं मडकं घेऊन वावराला फेरी मारली. पुरुषांची पंगत कोपीपुढं बसली. पाहुण्यांना पितळेची ताटं, घरच्यांना पत्रावळी. पण व्यंकटला मी पितळेचंच ताट मांडलं होतं, त्याच्या लहानपणचं, काठाला पोचा आलेलं. तो बसला. मी सवयीनं म्हणाले, "हात दाखव."

"वैनी, पाहुण्यांसमोर काय हे," तो लाजला. पण हसत हात पुढं केलेच. मी वाकून बघितलं. बोटांच्या पेरांत काळं तेल होतं, आणि त्याला एक उग्र वास.

"कशाचं रे?"

"जीपचं गिरीस."

"धुऊन ये."

तो धुऊन आला. पाहुणे हसले. वकीलसाहेब म्हणाले, "व्यंकटराव, तिकीट मिळालं तरी घरचं सरकार हेच!" मी वाढायला घेतलं. भज्जीवर तेल, उंड्यावर लोणी, वाटीत खीर. त्यांनी पहिला घास घेतला आणि वकीलसाहेबांनी डोळे मिटले.

"वा! वहिनी, तुम्ही साक्षात अन्नपूर्णा आहात. माणसांच्याही आणि जनावरांच्याही. काय पट्टी राखली आहे तुम्ही! आम्ही येताना बघितली. असं कोवळं रान या दिवसांत पंचक्रोशीत नाही."

"व्यंकटनं बी आणलं," मी म्हणाले. मला आपलं कौतुक नको होतं, त्याचं व्हावं असं वाटत होतं.

"आणलं मी सांगितलं म्हणून," वकीलसाहेब म्हणाले. "पूर्वी साहेबलोक असंच करायचे. मोसम उघडायच्या आधी दोन-तीन महिने रानाच्या कडेला पेरून ठेवायचं. जनावर एकदा सवयीला लागलं की मागं धावावं लागत नाही. आपल्या पायानं ताटावर येतं."

मी खिरीचा डाव हातात धरून उभी. शिकारीला तेव्हा बंदी नव्हती, परवाना काढला की झालं. तेवढं मला कळत होतं. आणि आता बाकीचंही कळायला लागलं होतं.

"अन् मग?" मी विचारलं.

"मग काय, उन्हं कलली की माळ्यावर बसायचं. आम्हाला तो काळवीट पाहिजे, आणि जमलं तर एखादी मादी. फक्त तुमची थोडी मदत लागेल, वहिनी. व्यंकटराव म्हणाले, तुम्ही कडेला वाकून काही करत असलात की कळप निवांत असतो. तुमचं निळं लुगडं ओळखतो म्हणे! तर तेवढं संध्याकाळी पट्टीच्या कडेला उभं राहायचं. बार झाला की मात्र लगेच खाली बसा हं, घाबरू नका. माझा नेम पक्का आहे."

साडू म्हणाले, "अहो, लुगडं तर त्यांनी आज तेच नेसलंय!" आणि दोघं हसले.

मी व्यंकटकडं बघितलं. तो मान खाली घालून उंडा मोडत होता.

"व्यंकट," मी म्हणाले, "हे खरं हाय?"

"वैनी, हळू बोल."

"खरं हाय का, विचारते."

"एक दिवसाचं तर हाय. आख्ख्या कळपातली दोन जातील, तीन जातील. इतकी वर्षं फुकट खाल्लंय त्यांनी आपलं. तू फक्त उभी राहा. माझ्यासाठी इतकंबी करणार न्हाईस?"

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ना, ती काय असते ते मला त्या दिवशी कळलं. मला फसवलं त्याचा राग होताच. गावाला माहीत, गोदामायला माहीत, माझ्या नवऱ्याला माहीत, आणि मीच एकटी चिखलात हात घालून पाट बांधत होते! पण त्यापेक्षा मोठा राग वेगळाच होता. आईची रीत म्हणाला होता हा. मेलेल्या आईचं नाव घेऊन माझ्याकडून फास विणून घेतला, आणि आता त्या फासाला आमिष म्हणून मलाच उभी करत होता. केसानं गळा कापणं म्हणजे दुसरं काय असतं हो?

मी खिरीचा डाव पातेल्यात टाकला. व्यंकटच्या समोर गेले आणि त्याचं ताट उचललं. घास त्याच्या हातात तसाच.

"ऊठ," मी म्हणाले.

"वैनी?"

"ऊठ म्हणते. अन् साहेब, तुम्हीबी उठा. साडूसाहेब, तुम्हीबी."

कुणाला काही समजेना. मी वकीलसाहेबांचं ताट ओढलं, साडूंचं ओढलं. लोणी अजून विरघळलंही नव्हतं उंड्यावर. तिन्ही ताटं एकावर एक ठेवून मी उभी राहिले. खिरीची वाटी कलंडून माझ्या लुगड्यावर सांडली, पण मी हलले नाही.

वकीलसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. जन्मात कुणी त्यांना ताटावरून उठवलं नसणार. आपल्यात शत्रूलासुद्धा कुणी भरल्या ताटावरून उठवत नाही. भांडण असलं तर जेवण होईपर्यंत थांबतात, मग गचांडी धरतात.

व्यंकट ताडकन उठला. लाल झाला होता, डोळ्यांत पाणी. "तुला काही लाजलज्जा? पाहुण्याला ताटावरनं उठवतीस? येळवशीच्या दिवशी? खाऊ म्हणून बोलवायचं अन् घास तोंडात असताना... पाप लागंल, वैनी! माणूस असं करतं का कुठं?"

"करत न्हाई ना?" मी म्हणाले. "हेच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला. पुन्हा म्हण. खाऊ म्हणून बोलवायचं अन् घास तोंडात असताना काय करू नये?"

त्यानं हातातला घास मुठीत आवळला.

"तुम्ही तरी हात धुऊन जित्ते घरला जाल," मी म्हणाले. "त्यांना तेवढंबी मिळणार नव्हतं."

मग वकीलसाहेबांनी आमच्या मालकांकडं वळून, शांतपणानं, पण ओठ चावत विचारलं, "नागनाथराव, तुमच्या घरात बायकाच बोलतात वाटतं?"

मी मालकांकडं बघितलं नाही. भीती वाटत होती. त्यांना आधीपासून माहीत होतं आणि ते गप्प राहिले होते, हे मला दिसलं होतं. आता भावाच्या बाजूनं बोलले असते तर मी एकटी पडले असते, आणि तरी ताटं खाली ठेवली नसती.

मालक उठले. पत्रावळ बाजूला सारली. पाण्याचा तांब्या उचलला आणि वकीलसाहेबांपुढं वाकले.

"हात धुवा, साहेब," ते म्हणाले.

बस्स, इतकंच. जन्मभरात त्या माणसानं माझ्यासाठी एवढं मोठं भाषण कधी केलं नाही.

पाहुणे हात न धुताच निघाले. साडूंनी माळ्यावरून घोंगडीतली बंदूक काढून आणली, जीप सुरू झाली. व्यंकट जीपच्या मागं धावला, काचेपाशी हात जोडून काहीतरी बोलत राहिला. मग आतून दार उघडलं आणि तोही बसून गेला. माझ्याकडं वळून बघितलं नाही.

मालकांनी दुपारभर कुऱ्हाडीनं तो माळा मोडला. येळवशीच्या संध्याकाळी कडब्याचा हेंडगा पेटवून वावरातून फिरवतात. त्या वर्षी हेंडग्यात माळ्याच्या फळ्या जळाल्या. सगळ्या शेताला फेरी घातली त्यांनी, पट्टी सोडून. हरणं त्या संध्याकाळी आलीच नाहीत. व्यंकटचं ताट मी दुरडीखाली झाकून ठेवलं होतं, एक घास मोडलेल्या उंड्यासकट. दिवे लागेपर्यंत वाट बघितली. मग ते अन्न गाईला घातलं. मी त्या दिवशी जेवले नाही. आत्याबाईंनी दोघं पदरात टाकली होती, उपाशी ठेवू नको म्हणाल्या होत्या. एकाच्या तोंडचा घास मी माझ्या हातानं काढला होता, आणि पट्टीवरची हरणं परत येतील की नाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे फडकं घेऊन गेले. पट्टीच्या माळाकडच्या अंगाला शेंडे खुडलेले होते. ताजे. मी बांधावर बसून घटकाभर रडले.

व्यंकटला तिकीट मिळालं नाही. तो सोलापूरलाच राहिला, कापसाच्या अडतीत लागला, लग्न केलं, बऱ्यापैकी नाव काढलं. माझ्या पोरींच्या लग्नांना आला. अक्षता टाकल्या, आहेर दिला, आणि पंगत बसायच्या आत एस.टी. धरली. तीस-बत्तीस वर्षं त्यानं माझ्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. गावानं मला काय काय म्हटलं! हरणांसाठी घर फोडलं म्हणाले, अन्नाचा अपमान केला म्हणाले, पोराचं नशीब बुडवलं म्हणाले. ज्यांनी पदराआड हसून मजा बघितली होती ना, त्यांनीच. अन्नाचा अपमान मी केला काय? अन्नाचं आमिष करून जीव घ्यायला निघाले त्यांनी अन्नाचा मान राखला होता वाटतं! पुढं सरकारनं शिकारीला बंदी घातली, तेव्हा तीच माणसं म्हणायला लागली, प्रयागबाईला आधीच कळलं होतं. मला काय कळलं होतं डोंबल? जे पाच वर्षांच्या पोराला कळतं तेवढंच मला कळलं होतं.

मालक वारले. दहाव्याला व्यंकट आला, केस दिले, भावासाठी ढसाढसा रडला, आणि न जेवता गेला. त्यानंतरची पहिली येळवस. पोरी, जावई, नातवंडं जमली होती. मी कोपीपुढं बसून वाढत होते. बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. धोतर, पांढरे केस, हातात काठी. बांधावर येईल त्याला हाक मारायची ही रीतच, म्हणून माझी थोरली ओरडली, "या हो बाबा, जेवायला या!" आणि मग तिनं ओळखलं.

व्यंकट आला. पांडवांना हात जोडले आणि पंगतीच्या टोकाला बसला. मी त्याचं ते पोचा आलेलं ताट कोपीतून आणलं. दरवर्षी घासून आणायचे मी ते. का, ते मला विचारू नका. भज्जी वाढली, उंडा वाढला, लोणी घातलं. तो हात लावीना. माळाकडं बघत राहिला. पट्टीत तीन-चार माद्या आणि एक पाडस चरत होतं. आमच्या इतक्या गलक्यातही चरत होतं.

"वैनी," तो म्हणाला, "आता उठवणार न्हाईस ना?"

खरं सांगू? राग गेला नव्हता माझा. अजूनही गेलेला नाही. पण तो माझ्यासमोर पाच वर्षांच्या पोरासारखा बसला होता, आणि त्याला भूक लागलेली होती. ती भूक मला कळत होती.

"हात दाखव," मी म्हणाले.

त्यानं काठी खाली ठेवली. दोन्ही हात पुढं केले, आधी उताणे, मग पालथे. सुरकुतलेले, स्वच्छ हात होते.

"जेव," मी म्हणाले, आणि त्याच्या वाटीत आंबील ओतली.